उसनं वय

खुओंगने घर विकलं ते खोटं-खोटं, आणि तेही देवांना फसवायला. त्या साली त्याच्या वयाला नवाने भागलं की बाकी वाईट उरत होती. अशा वयात कर्त्या पुरुषाने घर बांधायला काढलं तर ते त्याच्याच अंगावर येतं, हे सायगॉनच्या त्या गल्लीत शाळा बुडवणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी खुर्ची मांडून बसणाऱ्या न्हाव्याने, सहाव्या लामने, त्याला आपलं वय उसनं दिलं. लामचं वय त्या साली चोख होतं. त्या गल्लीत भावंडांत जो कितवा, त्याच आकड्याने त्याला हाक मारत: लाम सहावा, खुओंग चौथा, म्हणून त्याची बायको चौथी वहिनी.

विधी सोपा होता. खुओंगने पूर्वजांपुढे उदबत्त्या लावल्या आणि सांगितलं, आजपासून हे घर लामचं. लामने मीठ, तांदूळ आणि चहा ठेवला, जमिनीत पहिली कुदळ मारली आणि मालकासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वर स्लॅब पडेपर्यंत खुओंगने त्या जागेत पाऊल टाकायचं नाही. स्लॅब पडला की लामकडून घर परत विकत घेतल्यासारखं करायचं, देवांना तसं कळवायचं, आणि राहायला जायचं. सगळे असंच करतात. पावसाळ्याआधी आटपणारं काम.

खुओंगच्या बायकोने, थोआने, ज्योतिषाला तेव्हाच विचारलं होतं, "आणि मधेच काम थांबलं तर?"

"का थांबेल?" ज्योतिषी म्हणाला होता.

थांबलं ते गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या कुंपणामुळे. कुंपणापलीकडे एक मोठं संकुल होणार होतं: खाली बाजार, मधे कचेऱ्या, वर राहायची घरं. पत्र्यावर त्याचं चित्र होतं. चित्रात गोऱ्या आया गोऱ्या मुलांना झाडांखालून फिरवत होत्या. उन्हाने लाल रंग आधी उडाला, मग पिवळा. आता आया, मुलं, झाडं सगळंच निळं पडलं होतं. आत एक खड्डा होता. त्यात पाणी साठलं होतं, पाण्यात गंजलेल्या सळ्यांचे झुबके उभे होते, आणि कडेने गल्लीतल्या बायकांनी पाण्यात वाढणारी कलमीची भाजी लावली होती. या शहरात असल्या कामाला 'टांगलेलं' म्हणतात. सरकारी माणसंसुद्धा चुकून तसं म्हणतात आणि मग जीभ चावतात.

खुओंगची घरांची ओळ संकुलाच्या दुसऱ्या टप्प्यात येत होती. पहिला टप्पा म्हणजे तो खड्डा. खड्ड्याच्या कडेची जमीन भराव टाकून उंच केल्यापासून तिकडचं पाणी गल्लीत उतरायचं आणि जुन्या घरात पलंगाच्या पायांना लागायचं. घर उचलून बांधायचं कारण तेच. मधे एक वर्ष असं आलं की प्रकल्प रद्द झाल्याची बोलवा झाली, वॉर्ड ऑफिसने बांधकामाला परवानगी दिली, खुओंगने जुनं घर पाडलं, लामने कुदळ मारली. कॉलम उभे राहिले, भिंती बीमपर्यंत आल्या. तेवढ्यात कुणा नव्या कंपनीने तो खड्डा विकत घेतला. परवानगी मागे घेतली गेली. वॉर्डातून विन्ह नावाचा तरुण अधिकारी आला, नम्र, चष्मेवाला.

"पाडायला सांगत नाही, काका. फक्त आहे त्या स्थितीत ठेवा."

"आहे त्या स्थितीत म्हणजे पावसात?" खुओंगने विचारलं.

विन्हने वर बघितलं. वर आकाश होतं. "तात्पुरता पत्रा टाका," तो म्हणाला. "काँक्रीट नको."

तेव्हापासून खुओंग आणि थोआ समोरच्याच भाड्याच्या खोलीत राहत होती. गल्ली इतकी अरुंद की आपल्या दारातून हात लांब केला तर समोरच्या दाराला टेकावा. खुओंग पंखे दुरुस्त करायचा. प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून, मांडीत मोटार घेऊन, तो दिवसभर स्वतःच्या घराकडे तोंड करून असायचा आणि तिथे जायचा नाही.

थोआ जायची. बायकांना तो नेम नव्हता. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कणीचा भात आणि भाजलेलं डुकराचं मांस विकून झालं की ती त्या बिनछपराच्या घरात भांडी घासायला, कपडे वाळत घालायला जायची. पत्र्याखाली एका कोपऱ्यात तिने मातीची चूल ठेवली होती. लाम तिथे येऊन उंबऱ्यात उभा राहायचा.

"चौथ्या वहिनी, भाडं कधी देताय? मालक आहे मी. माझ्या घरात धूर करता."

"धूर सहन होत नसेल तर छप्पर घाला, मालक."

"छप्पर घातलं तर घर जाईल माझं. मी काय वेडा आहे?"

समोरच्या स्टुलावरून खुओंग म्हणायचा, "सहाव्या, त्या डावीकडच्या भिंतीला ओल आलीय बघ. मालक आहेस ना, पुस."

पहिल्या वर्षी या थट्टेला सगळी गल्ली हसायची. पुढे कॉफीवाली सातवी ताईच तेवढी हसू लागली, आणि मग तीही गाळणीतून कॉफी ठिबकताना बघत बसायची. कंपनी दरवर्षी भूमिपूजन करायची. मांडव पडायचा, सिंहाचं सोंग घेतलेल्यांचा सिंहनाच व्हायचा, साहेब लोक फुलं बांधलेल्या फावड्यांनी वाळू उकरायचे. वाळू मुद्दाम त्यासाठी आणून टाकलेली असायची. मग मांडव निघायचा आणि बेडूक परत ओरडू लागायचे.

"दरवर्षी लग्न लावतात," सातवी म्हणायची, "आणि नवरी माहेरीच."

एकदा भर दुपारी पावसासकट वावटळ आली आणि घरावरचा पत्रा एका बाजूने सुटला. थोआ आत होती. तिने पत्र्याचा दोर धरला, पण पत्रा तिलाच ओढू लागला. खुओंग धावत आला आणि उंबऱ्याशी येऊन थांबला. त्याने हात आत घातला, दोराचं टोक पकडलं, आणि दोन्ही पाय बाहेर चिखलात रोवून मागे रेलून उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या डोळ्यांत जात होतं. आत एक पाऊल टाकलं असतं तर दोर खांबाला बांधता आला असता.

"आत या ना," थोआ ओरडली. "कोण बघतंय?"

"ज्यांना फसवलंय ते," खुओंग म्हणाला.

लाम आला, त्याने आत जाऊन दोर बांधला. खुओंगच्या तळहातांची साल निघाली होती. त्या दिवशी थोआला नवऱ्याचा राग आला, आणि नंतर बरेच दिवस तो गेला नाही. तिचा स्वतःचा त्या गणितावर विश्वास होता की नाही, हे तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं. त्याचा होता, एवढं पुरेसं होतं. नेम मोडून तो त्या घरात राहिला असता तर प्रत्येक पडशाला, प्रत्येक पडलेल्या कपाला कारण सापडलं असतं.

मग त्याचं यकृत गेलं. पोट फुगलं, पाय वाळले. कोरियात सासरी असलेल्या मुलीने फोनवर रडून घेतलं. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी थोआला कॉरिडॉरमध्ये नेलं आणि सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं: आता घरी न्या. म्हणजे माणूस घरी मरेल. रस्त्यात, परक्या जागी मेला तर त्याला आपल्या उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. त्याच्याबरोबर बाहेरचं काय काय आत येतं, आणि ते मालकाला भोवतं.

थोआ खाटेशी परत आली. खुओंग जागा होता.

"काय म्हणाल्या?"

"घरी जाऊ म्हणाल्या."

त्याने छताकडे बघितलं. "कुठल्या?"

भाड्याच्या खोलीची मालकीण आदल्याच दिवशी भाताच्या गाडीवर येऊन गेली होती. फार गोड बोलली होती. खोलीत काही होऊ नये, चौथ्या वहिनी, पुढे भाडेकरू मिळत नाही.

"मला माझ्या घरात ने," खुओंग म्हणाला. "पण नीट ने. लामच्या घरात चोरासारखा नाही जायचा मी."

नीट म्हणजे स्लॅब पडायला हवा होता.

थोआ आधी ज्योतिषाकडे गेली. तो आता फार थकला होता, पण त्याला सगळं आठवत होतं. तिने विचारलं की इतकी वर्षं गेली, लामचंही वय आता बदललं, यंदा त्याचंही नासकं निघालं तर?

"काम ज्या साली सुरू झालं तेच साल धरायचं," तो म्हणाला. "छत पडेपर्यंत त्या घरात ते साल संपत नाही."

"आणि छत केवढं हवं?"

त्याने डोळे मिटले. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "निजलेल्याला वर आकाश दिसू नये, एवढं."

मग ती वॉर्ड ऑफिसात गेली. विन्हच्या टेबलावर संकुलाचं नवं चित्र होतं, लाल-पिवळ्यासकट.

"पलंगापुरता स्लॅब टाकू दे, पोरा. तुझे काका मरायला टेकलेत."

"काकू, दुसरा टप्पा आहे तो. मी हो म्हटलं तर सगळी ओळ उद्या स्लॅब टाकेल."

"टाकू देत की. तुमचं संकुल येईल तेव्हा पाडा."

"येणार आहे आता. गुरुवारी भूमिपूजन आहे."

"कितवं?"

विन्हने चष्मा काढून पुसला. त्याच्या नाकावर चष्म्याचे दोन लाल वळ होते. मग तो टेबलाकडे बघत म्हणाला, "गुरुवारी सकाळी आम्ही सगळे तिकडेच असणार. वॉर्डात कुणी भेटणार नाही. कुणाचं काही काम असेल तर… म्हणजे, उगाच हेलपाटा नको, म्हणून सांगतो."

थोआने त्याच्याकडे नीट बघितलं. तो कागद लावू लागला होता.

लामने ऐकलं तेव्हा त्याच्या हातात कुणाची तरी अर्धी दाढी होती. "म्हणजे गुरुवारपासून मी बेघर," तो म्हणाला, आणि उरलेली अर्धी दाढी फार जपून केली.

बुधवारपर्यंत गल्लीने सामान जमवलं. सिमेंट तांदळाच्या पोत्यांतून आलं. सळ्या खड्ड्यातल्याच होत्या. कुणी कापून आणल्या ते कुणी विचारलं नाही. मागच्या कोपऱ्यात, दोन भिंती जिथे मिळतात तिथे, पलंगाएवढ्या जागेवर फळ्या बसवल्या, खाली बांबूचे टेकू दिले. गुरुवारी सकाळी पलीकडे ढोल वाजायला लागले तसा इकडे माल कालवायला सुरुवात झाली. पहिलं घमेलं लामने ओतायचं होतं, मालक म्हणून. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

थोआ ते बघायला थांबली नाही. ती हॉस्पिटलात होती. खुओंगच्या तोंडावर मुखवटा होता आणि एक नर्स हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत होती. असंच नेतात. घरी पोचलं, पूर्वजांसमोर ठेवलं, की फुगा काढायचा. गाडीत थोआने त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "पडतोय स्लॅब. लामने शर्ट घातलाय." त्याच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. त्याला कळलं, अशी तिची खात्री होती.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. पुढे मांडव होता.

दरवर्षी मांडव कुंपणाच्या आत असायचा. यंदा आतली जमीन खचली होती, म्हणून कंपनीने तो बाहेर, गल्लीचं तोंड अडवून घातला होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्यांच्या रांगा, फुलांची कमान, आणि तिच्या भाताच्या गाडीच्या जागी थंड पेयांचं टेबल. ड्रायव्हर उतरून बोलायला गेला आणि परत आला.

"भाषण चाललंय. सिंह गेला की वाट देतो म्हणतात."

"सिंह कधी जाणार?"

"भाषणं झाली की नाचणार. मग जाणार."

थोआने नर्सकडे बघितलं. बाई वयाने मोठी होती, असल्या खूप वाटा तिने बघितल्या असाव्यात. "चालत नेऊ," ती म्हणाली. "मी दाबत येते."

त्यांनी स्ट्रेचर उतरवलं. ड्रायव्हर पुढे, हॉस्पिटलचा एक माणूस मागे, नर्स बाजूने फुगा दाबत, थोआ पाय धरून. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून ते आत शिरले. लोकांनी गुडघे आवळून वाट दिली. एका साहेबाने नकळत टाळी वाजवायला उचललेले हात तसेच ठेवले. सुरक्षेचा माणूस आडवा आला आणि नर्सचा चेहरा बघून बाजूला झाला. मंचावरचा माणूस वाचत राहिला की कंपनी या भागातल्या रहिवाशांच्या संयमाचे आभार मानते आणि आता आणखी विलंब होणार नाही. स्पीकर इतके मोठे होते की शब्द थोआच्या बरगड्यांत वाजत होते. पेयांच्या टेबलापाशी वाट अडली. लांब झग्यातली एक मुलगी घाईघाईने फुलदाण्या उचलू लागली, एक, मग दुसरी, आणि ओठांनी म्हणत होती, माफ करा काकू, माफ करा.

नर्सने फुगा दाबायचं थांबवलं. तिने खुओंगच्या मानेला दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली.

"दाबा ना," थोआ म्हणाली.

नर्सने आणखी थोडा वेळ फुगा दाबला. ते थोआसाठी होतं, हे दोघींना कळत होतं.

टेबल सरकलं. पलीकडे गल्ली मोकळी होती. त्यांनी त्याला घरापर्यंत आणलं, कारण दुसरं कुठे नेणार होते? दारात सगळे उभे होते, कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले. लामचा शर्ट राखाडी झाला होता. तो हसत पुढे आला, मग त्याने नर्सच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

सातवी हळूच म्हणाली, "चौथी, आत नको गं. बाहेर मांडव घालू. आत नाही चालत, तुलाही माहीत आहे."

थोआला माहीत होतं. स्ट्रेचर धरून ती आपल्या उंबऱ्यासमोर उभी राहिली, जिथे तिचा नवरा वावटळीत दोर धरून उभा होता, त्याच जागी.

"का नाही चालत?" लामने विचारलं.

"सहाव्या, आता थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? बाहेर मेलेला माणूस आत घेतला तर कुणाला भोवतं? मालकाला ना?" त्याने हात शर्टाला पुसले. "स्लॅब पडला, पण घर मी अजून परत दिलेलं नाही. उदबत्ती लागली नाही. माझं घर आहे. माझ्या घरी कोण येणार ते मी ठरवेन."

"लाम भावोजी," थोआ म्हणाली.

"तुम्ही पाय धरा, वहिनी. उंबरा उंच आहे, मीच उंच घ्यायला लावला होता."

त्यांनी खुओंगला आत नेलं. ओल्या स्लॅबखाली, बांबूंच्या मधे, पलंग मावला. फळ्यांच्या फटींतून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं, म्हणून लामने न्हाव्याचं पांढरं कापड आणून त्याच्या अंगावर पसरलं. पलीकडे सिंहाचे ढोल सुरू झाले.

त्यानंतर नवीन वर्षाच्या आधी, सगळी गल्ली केस कापून घेते त्या दिवसांत, लामच्या खुर्चीवर गिऱ्हाईक कमी आलं. कुणी त्याला काही म्हटलं नाही. माणसं पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागली, एवढंच. वर्षाच्या शेवटी अपशकुन्या हाताखाली डोकं कोण देतो? सातवी त्याला कॉफी पाठवायची, पण बर्फ घेऊन स्वतः यायची नाही. तो रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून आरशात बघायचा.

आणि मग विन्ह आला. भूमिपूजनाचं चित्रण करायला कंपनीने वरून उडणारा कॅमेरा सोडला होता. त्यात खड्डा होता, मांडव होता, आणि एका कोपऱ्यात, घराच्या भिंतीवर चढून घमेली ओतणारी माणसं स्पष्ट दिसत होती. कंपनीने तक्रार केली होती.

"मी काही बोललो नव्हतो, काकू," विन्ह म्हणाला.

"माहीत आहे."

"मालक म्हणून कुणाचं नाव लावू? काका तर…"

"मी," लाम दारातून म्हणाला.

विन्हने त्याच्याकडे बघितलं, थोआकडे बघितलं, आणि काही न लिहिता वही मिटली.

पाडायला कंपनीचेच मजूर आले, नव्या पिवळ्या टोप्या घालून. पत्र्याच्या कुंपणाचं दार त्यांच्यासाठी पहिल्यांदा आतून उघडलं. पलंगाएवढाच स्लॅब तो, दुपारच्या जेवणाआधी खाली आला. मजुरांनी राडारोडा खड्ड्यात नेऊन टाकला, सळ्या परत घेतल्या, थोआकडे पाणी मागून प्यायले आणि गेले. त्या वर्षी संकुलाचं प्रत्यक्ष झालेलं काम तेवढंच.

थोआ झाडू घेऊन आत गेली. पलंगावर पुन्हा ऊन पडलं होतं. लाम उंबऱ्यात येऊन उभा राहिला, पण आत आला नाही.

"उदबत्ती आणलीय," ती म्हणाली. "तुमचं वय परत घ्या आता, भावोजी. पुरे झालं. माझ्यामुळे तुमचं गिऱ्हाईक गेलं."

लामने वर बघितलं, जिथे फळ्यांचे ठसे भिंतीवर राहिले होते.

"कसं घेऊ?" तो म्हणाला. "छत कुठे आहे? साल कुठे संपलंय अजून?"